मदत हवी आहे: ट्रॅक्टरची बॅटरी उलटी लागली, आता डायनामो चार्जिंग देत नाही

मंडळी, चूक माझीच आहे. शिव्या घालायच्या तर आधी घाला, पण मग मार्ग सांगा.

ट्रॅक्टर पंधरा वर्षांचा, ४५ एचपीच्या आसपासचा. १२ व्होल्टची एकच बॅटरी, डॅशबोर्डवर काट्याचं अँपिअर मीटर आणि चार्जिंगचा लाल दिवा. आम्ही माढा तालुक्यातले, सध्या ऊस वाहतूक चालू आहे. गेल्या आठवड्यात बॅटरी घरी चार्जरवर लावली होती, ती रात्री अकराला मोबाईलच्या उजेडात परत बसवली. केबलींवर इतकं ग्रीस आणि धूळ, की लाल कुठली अन् काळी कुठली कळेना. बॅटरीवरची अधिक-उण्याची खूणही पांढऱ्या खाराखाली गेलेली. एक क्लॅम्प बसेना म्हणून पान्यानं ठोकून बसवला. दुसरा टेकवला तसा चर्रकन जाळ झाला आणि डायनामोच्या बाजूनं धूर आला. दोन-तीन सेकंदांत ओढून काढला. चावी बंदच होती.

सुलट जोडल्यावर सेल्फ व्यवस्थित, हॉर्न वाजतो, हेडलाइट लागतात. फक्त चार्जिंग नाही. चावी दिली की लाल दिवा लागतो, इंजिन चालू झाल्यावर मंद होतो पण विझत नाही. लाइट लावले की मीटरचा काटा उण्याकडे जातो तो तिथंच.

कारखान्यावर नंबर येईपर्यंत रात्रभर रांगेत थोडं थोडं सरकावं लागतं, दर वेळी बंद-चालू. दुसऱ्या रात्रीच बॅटरी बसते, मग मागच्या ट्रॅक्टरवाल्याचे पाय धरा. तालुक्याच्या बॅटरीवाल्यानं काही न उघडताच 'डायनामो गेला, नवा टाका' म्हणून साडेसहा हजार सांगितले. माझ्याकडे मल्टिमीटर आहे, थोडंफार वापरता येतं. पैसे घालायच्या आधी नेमकं काय जळालंय ते कसं शोधू?

प्रतिसाद १

सोपं आहे भाऊ. इंजिन चालू ठेवून बॅटरीची उण्याची केबल काढा. इंजिन चालू राहिलं तर डायनामो चांगला.

प्रतिसाद २

असलं काही करू नका! एक तर हा साधा डिझेल ट्रॅक्टर. एकदा चालू झाला की त्याला बॅटरी लागतच नाही, डायनामो मेला असला तरी फटफटत राहील. म्हणजे परीक्षेचा उपयोग शून्य. वर, चालत्या डायनामोवरून बॅटरी तोडली की व्होल्टेज उसळी मारतं आणि असलेले चांगले डायोड आणि व्होल्टेज आवरणारा रेग्युलेटरही जातात.

प्रतिसाद ३

दादा, माझी हयात गाड्यांच्या वायरिंगमध्ये गेली. शिव्या घालत नाही, कारण हे मी स्वतः दोनदा केलंय. बॅटरीचा अधिकचा खांब उण्यापेक्षा जरा जाड असतो. क्लॅम्प ठोकावा लागला, तेव्हाच ती बॅटरी तुम्हाला सांगत होती.

आता काय झालं ते बघा. आपण ज्याला डायनामो म्हणतो तो खरा अल्टरनेटर. त्यात सहा मोठे डायोड असतात, आणि डायोड म्हणजे करंट एकाच बाजूला जाऊ देणारं दार. बॅटरी सुलट असताना ही दारं तिचा करंट अडवून धरतात. उलटी लावली की सगळी एकदम उघडतात आणि बॅटरीला थेट शॉर्टचा रस्ता मिळतो. म्हणूनच चावी बंद असूनही जाळ झाला. सेल्फ, हॉर्न, हेडलाइट यांना या रस्त्यात जागाच नाही, ते वाचले यात नवल नाही.

या गडबडीत एक तर डायनामोची मोठी वायर किंवा तिच्यातला फ्यूज वितळतो, नाहीतर डायोड जातात. कधी दोन्ही.

आधी बॅटरी बघा. रात्रभर न वापरता १२.६ व्होल्ट म्हणजे पूर्ण भरलेली, १२.२ म्हणजे साधारण अर्धी. मग इंजिन बंद ठेवूनच डायनामोच्या मागच्या जाड बोल्टवर मीटरची लाल तार टेकवा, काळी इंजिनच्या लोखंडाला. तिथं बॅटरीएवढंच व्होल्टेज आलं पाहिजे. शून्य आलं तर वायर मधेच तुटलीय, आणि मग डायनामो कितीही चांगला असो, करंट बॅटरीपर्यंत पोचणारच नाही.

आकडे इथं टाका. शून्य आलं तरी लगेच वायर जोडू नका, पुढचं सांगतो.

धागाकर्ता

काका, बॅटरी १२.३. डायनामोच्या बोल्टवर शून्य! वायर हातानं चाचपत गेलो तर डॅशबोर्डच्या अँपिअर मीटरकडे जाताना एका ठिकाणी इन्सुलेशन फुगून कडक झालंय, आत तांबं तुटलेलं. म्हणजे डायनामो वाचला म्हणायचा का? नवी वायर टाकू?

प्रतिसाद ३

थांबा. वायर का वितळली ते अजून कळलेलं नाही. आत डायोड शॉर्ट असेल तर नवी वायर घालून तुम्ही बॅटरी रोज रात्री रिकामी कराल.

एक २१ वॅटचा इंडिकेटरचा बल्ब घ्या. एक तार बॅटरीच्या अधिकला, दुसरी डायनामोच्या त्या बोल्टला. इंजिन बंद, चावी बंद. बल्ब लागला नाही पाहिजे. लागला तर डायोड गेलाय. बल्ब मधे असल्यामुळे आत काहीही असलं तरी जाळ होत नाही, बल्बच करंट अडवतो. आणि त्याच वेळी डॅशबोर्डवरच्या लाल दिव्याकडेही बघा.

प्रतिसाद ४

आमच्याकडे जुन्या ट्रॅक्टरला उलटी बॅटरी लागली की फील्डला, म्हणजे चुंबक तयार करणाऱ्या कॉइलला, क्षणभर करंट दाखवून डायनामो 'जागा' करत. तेही करून बघा.

प्रतिसाद ३

ते खऱ्या डायनामोचं, कम्युटेटरवाल्या, म्हणजे डायोडांऐवजी फिरत्या तांब्याच्या पट्ट्यांवरून डीसी करंट देणाऱ्या. त्याचा उरलेला चुंबकपणा उलटा होतो म्हणून तसं करतात. यांचा डायोडवाला अल्टरनेटर आहे, इथं त्याचा उपयोग नाही.

धागाकर्ता

ट्रॉलीचा इंडिकेटरचा बल्ब काढून लावला. बल्ब लागला, पूर्ण नाही पण चांगला पिवळा. आणि काका, चावी माझ्या खिशात असताना डॅशबोर्डवरचा लाल दिवाही मिणमिणत होता! भूत लागल्यासारखं वाटलं.

प्रतिसाद ३

भूत नाही, अधिकच्या बाजूचा डायोड आहे. तो शॉर्ट झाल्यामुळे करंट उलटा आत शिरून, छोट्या डायोडांतून फिरणाऱ्या कॉइलला जातोय. तिथूनच एक फाटा दिव्याकडे येतो. दिवा दोन्ही बाजूंनी लागतो, त्याला दिशेशी देणंघेणं नाही. नुसती नवी वायर टाकली असती आणि दिवा नसता, तर तुम्हाला कळलं असतं ते सकाळी, डायनामोला हात लावून. रात्रभर उभा असूनही कोमट लागला असता.

डायनामो उतरवून अशा माणसाकडे न्या, जो तो उघडतो. तालुक्याला असतोच कुणीतरी. 'डायोड प्लेट बदला' एवढंच म्हणा. उघडल्यावर कॉइलला जळका वास नसेल तर कॉइलला हात लावू देऊ नका. ब्रश मात्र बघून घ्या, आखूड झाले असतील तर त्याच खर्चात होतात. वायर जुन्याएवढ्याच जाडीची टाका, आणि फ्यूज नव्हता तर या निमित्तानं बसवा.

धागाकर्ता

उशीर झाला, दोन खेपा मधे आल्या. प्लेट बदलली, ब्रश बदलले, वायर नवी, मजुरी धरून साडेसहा हजारांचा चौथा हिस्साही लागला नाही. रोटर-स्टेटर, म्हणजे फिरणारी आणि स्थिर कॉइल, होते तेच. जुन्या प्लेटवर मी स्वतः मीटरच्या डायोड सेटिंगवर बघितलं: पाच डायोड एका बाजूनं ०.५ च्या आसपास आणि दुसऱ्या बाजूनं काहीच नाही. सहावा दोन्ही बाजूंनी शून्य.

आता इंजिन रेसवर बॅटरीवर १४.१, हेडलाइट लावून १३.८. लाल दिवा सेल मारला की लगेच विझतो.

प्रतिसाद २

छान. एकदा मीटर एसी व्होल्टवर ठेवून चालू इंजिनला बॅटरीवर बघा. अर्ध्या व्होल्टच्या वर आलं तर अजून एखादा डायोड लंगडा समजा.

धागाकर्ता

०.०४ आलं. काल रात्री रांगेत बावीस वेळा सेल मारला, मोजून. बॅटरी पहाटेही ठणठणीत. ट्रॉलीचा इंडिकेटर मात्र अजून बंद आहे, तो बल्ब माझ्या खिशातच राहिलाय.