साइक्स आडनावाचा मूळपुरुष एकच होता का?

रानवाट:
कर्नल विल्यम हेन्री साइक्स यांच्याविषयी वाचता वाचता त्यांच्या आडनावापाशी अडकलो. १८२४ पासून मुंबई सरकारसाठी दख्खनची माणसं, पिकं, पाऊसपाणी, पाखरं यांच्या नोंदी करणारा हा माणूस. इंग्रजीत माळरानावरच्या एका चंडोलाला आजही त्यांचं नाव आहे. जन्म यॉर्कशरमध्ये, ब्रॅडफर्डजवळ. आडनावही त्याच मुलखातलं; हडर्सफील्डच्या बाजूला तर साइक्स घराणी फार. 'साइक' म्हणजे माळावरचा बारीक ओहळ. ओहळाकाठी राहणारा तो साइक्स.

ऑक्सफर्डचे आनुवंशिकीतज्ज्ञ ब्रायन साइक्स यांनी आपल्याच आडनावाच्या ४८ पुरुषांचं वाय गुणसूत्र तपासून २००० साली निष्कर्ष छापले. हे गुणसूत्र आडनावासारखंच बापाकडून मुलाकडे जातं. जवळपास निम्म्यांचा नमुना तंतोतंत जुळला, आणि तो त्या भागातल्या इतर आडनावांच्या पुरुषांत आढळला नाही. माझं ठाम मत: सुमारे सातशे वर्षांपूर्वीच्या एकाच पुरुषापासून सगळे साइक्स आले.

माळकरी:
सगळे? निम्मे जुळले म्हणजे निम्मे जुळले नाहीत, त्यांचं काय? पेनाइन डोंगरांच्या उतारांवर ओहळ काय एकच आहे? जिथे ओहळ तिथे घर, आणि घर तिथे साइक्स. त्या काळी करवसुलीच्या यादीत दोन जॉन वेगळे ओळखायला कारकून राहती जागा लिहायचा. तसं दहा गावांत दहा वेळा घडलं असणार.

रानवाट:
न जुळणाऱ्यांचा हिशेब लागतो. कुणी दत्तक गेला, कुणी आईचं आडनाव लावलं, कुणी सासऱ्याच्या इस्टेटीसाठी नाव बदललं, कुठे बाप दुसराच होता. पिढीला एक-दीड टक्का धरला तरी शतकानुशतकं साठत जातं. आणि दहा मूळपुरुष असते तर पाच-सहा मोठे गट दिसायला हवे होते. मोठा गट एकच आहे.

जुनी वही:
इथेच मला तुमचं पटत नाही, रानवाट. गट एकच उरला म्हणजे सुरुवातही एकच होती, असं होत नाही. १३४८-४९ च्या प्लेगने इंग्लंडची निदान एक तृतीयांश माणसं नेली. कितीतरी घरांत मागे फक्त मुली राहिल्या, की आडनाव तिथेच संपलं. दहांपैकी नऊ वंश असे बुडाले आणि एका घरात सात मुलगे जगले, तर आज तुम्हाला तेच एक घर दिसणार.

लेस्टर विद्यापीठाने २००९ मध्ये ४० ब्रिटिश आडनावांचा अभ्यास छापला. ॲटनबरोसारख्या दुर्मीळ आडनावात सुमारे ८७ टक्के पुरुष एकाच गटातले निघाले. स्मिथ मात्र एकमेकांना कुठल्याही परक्या ब्रिटिश माणसाइतकेच परके, कारण लोहार गावोगाव होते. ओहळही गावोगाव होते, हे विसरू नका.

रानवाट:
प्लेगचा मुद्दा मान्य, 'एकच सुरुवात' हा शब्द मागे घेतो. पण लोहाराची तुलना नाही पटत. लोहार अख्ख्या देशात होते. 'साइक' हा उत्तरेकडच्या बोलीतला शब्द, आणि आडनावही मुख्यतः तिथेच. इतक्या शतकांनंतरही निम्मे पुरुष एका रक्ताचे निघतात, त्या अर्थी ते घर सुरुवातीपासूनच मोठं असावं.

माळकरी:
मोठं असेल. पण उरलेल्या निम्म्यांना दत्तक किंवा अनौरस ठरवण्याआधी त्यांच्या गावचे ओहळ बघा. त्यांचाही कुणी पणजोबा तिथेच पाणी भरत असेल.