मुंबई मॅरेथॉन : मराठवाड्याच्या कोरड्या हवेत सराव करणाऱ्यांनी कोणती तयारी करावी?

प्रश्न – बालाघाटचा धावक, अंबाजोगाई

नमस्कार. मी माध्यमिक शाळेत शिक्षक आहे आणि गेली काही वर्षे नियमित धावतो. अर्धमॅरेथॉन आता शरीराला सवयीची झाली असल्यामुळे येत्या जानेवारीत मुंबईत पूर्ण ४२.१९५ किलोमीटर धावण्याचे ठरवले आहे. आमच्याकडे चढ-उतार भरपूर असल्याने पेडर रोडच्या चढाची मला फारशी भीती वाटत नाही. काळजी आहे ती हवेची. डिसेंबर-जानेवारीत अंबाजोगाईची पहाट थंड आणि कोरडी असते. दोन तास धावूनही सदरा जेमतेम ओला होतो. मुंबईत मात्र पहिल्या काही किलोमीटरमध्येच माणूस घामाने निथळतो, असे तिथे धावलेल्या प्रत्येकाने सांगितले. अशा हवेची तयारी इथे राहून करता येते का, आणि शर्यतीच्या दिवशी प्रत्यक्षात काय अनुभवाला येते, हे मराठवाड्यातून जाऊन आलेल्यांनी सविस्तर सांगावे, अशी विनंती आहे. पुण्या-मुंबईच्या धावकांचे सल्ले पुष्कळ मिळतात, पण त्यांची सुरुवातच निराळ्या हवेतून होते.

उत्तर – जालना रोड, छत्रपती संभाजीनगर

गुरुजी, आपण प्रश्न अगदी योग्य जागी धरला आहे. मी मुंबईत पूर्ण मॅरेथॉन एकाहून अधिक वेळा धावलो आहे आणि माझ्या मते आपल्या भागातील धावकाला तिथे अंतरापेक्षा हवाच अधिक दमवते. घाम येण्याने शरीर थंड होत नाही, घाम वाळण्याने होते. जानेवारीतही मुंबईत पहाटेची आर्द्रता अनेकदा सत्तर टक्क्यांच्या वर असते, त्यामुळे घाम वाळण्याऐवजी नुसता ठिबकत राहतो, आतले तापमान चढत जाते आणि तोच वेग राखायला हृदयाला अधिकाधिक ठोके द्यावे लागतात. आपण संभाजीनगरात किंवा अंबाजोगाईत ज्या वेगाने गप्पा मारत धावतो, त्याच वेगाला तिथे वीस किलोमीटरनंतर धाप लागू लागते. पायांत ताकद शिल्लक असूनही असे होते, म्हणून नवखा धावक गोंधळून जातो.

इथे राहून तयारी निश्चित करता येते. शरीराला उष्णतेची सवय व्हायला साधारण दहा ते चौदा दिवस लागतात. म्हणून शर्यतीच्या आधीच्या तीन-चार आठवड्यांत आठवड्यातून दोन-तीन वेळा पहाटेऐवजी सकाळी दहाच्या सुमारास, ऊन अंगावर घेत, मध्यम वेगाने धावावे. शाळेमुळे हे शनिवार-रविवारीही न जमल्यास पहाटे अंगात एक जादा सदरा घालावा. दमटपणा यातून मिळत नाही, पण घाम लवकर आणि भरपूर येण्याची सवय लागते आणि रक्तातील द्रवाचे प्रमाणही वाढते, त्याचा मुंबईत उपयोग होतो. सर्वात लांब धाव तीस-बत्तीस किलोमीटरची असावी आणि ती शर्यतीच्या किमान तीन आठवडे आधी संपलेली असावी.

पेडर रोडविषयी मात्र थोडे वेगळे सांगतो. तो चढ आपल्या घाटांच्या मानाने किरकोळच आहे. दौलताबाद-खुलताबाद घाटात सराव केलेल्या माणसाला जाताना तो जाणवतही नाही. परंतु परतीच्या वाटेवर तोच चढ पस्तीस किलोमीटरनंतर समोर येतो, त्या वेळी स्नायूंतील साखरेचा साठा जवळजवळ संपलेला असतो आणि ऊनही वर आलेले असते. त्यामुळे चढाचा सराव ताज्या पायांनी करण्यात फारसा अर्थ नाही. लांब धावेच्या अखेरच्या टप्प्यात चढ येईल असा मार्ग आखावा. अंबाजोगाईच्या परिसरात हे सहज जमण्यासारखे आहे. मुंबईच्या मार्गात अधूनमधून फेरबदल होतात, म्हणून त्या वर्षीचा नकाशा नीट पाहून घ्यावा.

आणि शर्यतीच्या दिवशी पहिले अर्धे अंतर नेहमीच्या वेगापेक्षा किलोमीटरमागे पंधरा-वीस सेकंद सावकाश धावावे. हे लिहायला सोपे आहे. प्रत्यक्षात छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनससमोरून हजारो लोक एकदम निघतात, मरीन ड्राइव्हचा सपाट रस्ता अंधारात लांबवर पसरलेला असतो, शेजारचा प्रत्येक जण पुढे जात असतो, आणि त्या भरात स्वतःला आवरून धरणे हेच पहिल्या तासाचे खरे काम असते.

उत्तर – विद्यापीठ परिसर, परभणी

वरील दादांचे हवेविषयीचे म्हणणे मला पूर्ण मान्य आहे, पण गर्दीविषयी मला वेगळे वाटते. ती केवळ भुलवणारी गोष्ट नाही.

मी कृषी विद्यापीठाच्या रस्त्यांवर धावते. हिवाळ्यात परभणीचा पारा कित्येकदा दहा अंशांच्या खाली जातो, त्या अंधारात बहुतेक वेळा मी एकटीच असते. गावाबाहेर पडावे तर ऊस वाहणाऱ्या ट्रॉल्या मागचा दिवा नसताना उभ्या असतात, आणि बाई माणूस रस्त्याने धावताना दिसले की गाडी हळू करून बघणारेही भेटतात. आमच्याच परभणीच्या ज्योती गवते यांनी २०१७ साली मुंबई मॅरेथॉनमध्ये भारतीय महिलांत पहिला क्रमांक मिळवला. त्यांच्यामुळे इथल्या कितीतरी मुलींच्या घरच्यांचा विरोध मावळला असेल. तरीही पहाटे घराबाहेर पडताना मनात रोज थोडी तयारी करावी लागते.

मुंबईत तसे काहीच करावे लागले नाही. शिवाजी पार्क, प्रभादेवी, पेडर रोड या भागांत आजीआजोबांपासून लहान मुलांपर्यंत माणसे रस्त्याच्या कडेला उभी असतात, मीठ लावलेल्या संत्र्याच्या फोडी, चिक्की, बिस्किटे, बर्फ पुढे करतात, बिबवरचे, म्हणजे छातीवर लावलेल्या क्रमांकपट्टीवरचे, नाव वाचून हाक मारतात. अनोळखी माणसाने रस्त्यावर आपल्याला नावाने हाक मारावी आणि ती ऐकून धीर यावा, हा अनुभव मला पहिल्यांदा तिथे आला. पाय जड झाले होते त्या टप्प्यात मला त्या माणसांनीच पुढे नेले, हे मी मनापासून सांगते.

याच्या उलट वांद्रे-वरळी सी-लिंकवर प्रेक्षक नसतात. एरवी तिथे पायी जायला बंदी असते, म्हणून त्या पुलावरून धावण्याची उत्सुकता सगळ्यांना असते. परंतु पूर्ण मॅरेथॉनमध्ये तो मधल्या टप्प्यात येतो आणि तिथली शांतता काहींना जड जाते. मला ती परभणीच्या पहाटेसारखीच वाटली, त्यामुळे तिथे मी निवांत होते. आपण एकट्याने सराव करत असाल तर आपल्यालाही तसेच वाटेल.

दोन व्यावहारिक गोष्टी. बिब शर्यतीच्या दिवशी मिळत नाही. ते आदल्या दिवसांत शर्यतीनिमित्त भरणाऱ्या प्रदर्शनाच्या ठिकाणी जाऊन घ्यावे लागते. शनिवारी सकाळी देवगिरी एक्स्प्रेसने उतरून तसेच तिकडे गेलात तर रांगेत आणि प्रवासात दिवसभर पायांवर राहावे लागते. शक्य असल्यास शुक्रवारी सकाळीच पोहोचावे. दुसरे म्हणजे मांड्यांच्या आतल्या बाजूला, काखेत आणि कपड्यांच्या शिवणींखाली व्हॅसलीन भरपूर लावावे. आपल्या हवेत कातडी घासत नाही, म्हणून याची आठवण राहत नाही. ओल्या कपड्यांत चार-पाच तास धावल्यावर आंघोळ करताना ती येते.

उत्तर – नांदेडचा डॉक्टर धावक

पाण्याविषयी कोणी लिहिले नाही, म्हणून लिहितो. दमट हवेच्या भीतीने आपल्याकडचे धावक वाटेतल्या पाण्याच्या प्रत्येक टेबलावर थांबून साधे पाणी पीत राहतात. घामावाटे पाण्याबरोबर मीठही जाते. वर नुसते पाणी ओतत राहिल्यास रक्तातील सोडियमचे प्रमाण घसरते. डोके दुखणे, मळमळ, बोटे फुगल्यासारखी वाटणे, बोलण्यात असंबद्धता ही त्याची लक्षणे आहेत आणि प्रसंगी ते जिवावर बेतू शकते. पाच-सहा तास रस्त्यावर राहणाऱ्या सावकाश धावकांना हा धोका वेगवान धावकांपेक्षा अधिक असतो.

उपाय अवघड नाही. सरावात धावण्याआधी आणि नंतर वजन करून पाहावे. तासाभरात वजन एक किलोने घटले, तर साधारण एक लिटर घाम गेला असे समजावे. तो सगळाच्या सगळा भरून काढण्याची गरज नसते; तहान लागेल तसे प्यावे आणि त्यात ओआरएस किंवा मीठ-साखरेच्या पाण्याचा वाटा ठेवावा. धावून आल्यावर वजन वाढलेले दिसले, तर पिणे निश्चितच जास्त झाले आहे. खाण्याचे प्रमाण तासाला तीस ते साठ ग्रॅम कर्बोदके इतके असावे. शर्यत संक्रांतीच्या आसपास येत असल्याने अनेक जण तिळाचे लाडू खिशात ठेवतात. मात्र तिळातील स्निग्धांश धावताना पोटात रेंगाळतो, त्याऐवजी खजूर किंवा सरावात वापरलेले ऊर्जा देणारे जेल बरे. आदल्या रात्री भाकरीऐवजी भात घ्यावा, चोथा कमी असतो.

वेदनाशामक गोळी मात्र शर्यतीआधी आणि शर्यतीत अजिबात घेऊ नये. पाणी कमी झालेल्या शरीरात त्या गोळ्या मूत्रपिंडांवर ताण आणतात.

बालाघाटचा धावक

आपण तिघांनीही वेळ काढून लिहिलेत, मनापासून आभार. डॉक्टरसाहेब, ज्वारीची भाकरी हे माझे रोजचेच अन्न आहे आणि लांब धावेच्या आदल्या रात्रीही मी तीच खातो, कधी त्रास झालेला नाही. तरीही बदलावे का? आणि रविवारी रात्रीच परतीची गाडी धरली तर चालेल का? सोमवारी शाळा आहे.

नांदेडचा डॉक्टर धावक

सरावात त्रास झाला नसेल तर भाकरीच खा, नेहमीपेक्षा एक कमी. शर्यतीसाठी नवे काहीही करू नये, हा नियम माझ्या सल्ल्यालाही लागू आहे. रविवारी रात्रीच्या गाडीला हरकत नाही, देवगिरी छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसवरूनच सुटते आणि शर्यतही त्याच परिसरात संपते. मात्र खालचा बर्थ आधीच आरक्षित करा, कारण त्या रात्री वर चढणे जमणार नाही, आणि दर दोन तासांनी उठून डब्यात चार पावले चाला. सोमवारी शाळेत जिना असेल तर खालच्या मजल्यावरचे तास मागून घ्या.