थंड गाडीत दुसरा गिअर अडकतो, रिव्हर्सला कर्रर्र आवाज: गिअरबॉक्स खोलावाच लागेल का?

पेट्रोल गाडी आहे, पाच गिअर, इंजिन आडवं बसवलेलं, पुढची चाकं ओढणारी. लिव्हरपासून गिअरबॉक्सपर्यंत दोन केबल जातात, क्लच हायड्रॉलिक. १,१०,००० किमी झालेत. गिअर ऑइल बदलल्याची नोंद सर्व्हिस बुकात कुठेच नाही.

सकाळी पहिले तीन-चार किमी पहिल्यातून दुसऱ्यात जाताना लिव्हर मध्येच अडते, जोर लावला तर 'खर्र' होऊन पडते. गाडी तापली की हा त्रास बराच कमी होतो. रिव्हर्स टाकताना मात्र गाडी थंड असो वा गरम, दाते घासल्याचा आवाज येतोच. क्लच घसरत नाही, चढावर ओढ चांगली आहे. गॅरेजमध्ये 'क्लच प्लेट बदला आणि गिअरबॉक्सही खोलू' असं सांगितलंय. त्याआधी घरच्या घरी काय तपासता येईल? पाने, जॅक आणि दोन घोड्या (जॅक स्टँड) आहेत.

प्रतिसाद १

एवढ्यात काहीही खोलू नका. ही दोन वेगळी दुखणी दिसताहेत, एकाच बिलात गुंडाळू देऊ नका.

आधी इंजिन बंद ठेवून क्लच दाबा आणि सगळे गिअर एकेक टाकून पाहा. लिव्हर तेव्हाही जड जात असेल, तर दोष केबलमध्ये, तिच्या टोकाच्या नायलॉन बुशमध्ये किंवा गिअरबॉक्सवरच्या गंजलेल्या लिंकमध्ये. इंजिन बंद असताना मऊ आणि चालू असताना जड, असं असेल तर केबलला हात लावू नका, क्लचकडे वळा.

मग रिव्हर्सची परीक्षा. इंजिन आयडलवर, गाडी न्यूट्रलमध्ये, क्लच पूर्ण दाबा आणि मनात दहापर्यंत मोजा. बऱ्याच गिअरबॉक्समध्ये रिव्हर्सला सिंक्रो रिंग (गिअर पडण्याआधी फिरणाऱ्या भागांचा वेग जुळवणारी कडी) नसते, त्यामुळे आतला इनपुट शाफ्ट, म्हणजे क्लचमधून इंजिनची फिरकी आत आणणारा दांडा, थांबेपर्यंत दाते घासणारच. क्लच नीट सुटत असेल तर तो शाफ्ट ऑइलच्या ओढीने काही सेकंदांत थांबतो. दहा सेकंदांनंतरही कर्रर्र होत असेल, तर क्लच पूर्ण सुटत नाही आणि इंजिन त्या शाफ्टला अजून फिरवतंय. आता पेडल भराभर तीन-चार वेळा मारा, दाबून धरा आणि पुन्हा रिव्हर्स टाका. या वेळी गुपचूप पडला, तर हायड्रॉलिकमध्ये हवा आहे किंवा गळती. क्लच प्लेटचा यात काही दोष नाही.

(आधी पहिला गिअर टाकून मग रिव्हर्स टाकला की आवाज येत नाही, ही युक्ती सगळ्यांना ठाऊक असते. पहिल्याची सिंक्रो रिंग शाफ्टला थांबवते, इतकंच. दुखणं तसंच राहतं.)

धागाकर्ता

इंजिन बंद असताना सगळे गिअर लोण्यासारखे पडतात. दहा सेकंद थांबूनही रिव्हर्स घासतो. पेडल चार वेळा मारल्यावर एकदम शांत पडला! गिअरबॉक्सच्या बाहेर जो छोटा सिलिंडर आहे, त्याचं रबर बूट थोडं सरकवलं तर आत ओलं लागलं.

प्रतिसाद २

मग सापडलं. तो स्लेव्ह सिलिंडर, फ्लुइडच्या दाबाने क्लच सोडवणारा. बुटाखाली ओल म्हणजे आतलं सील गेलंय. तुमचा सिलिंडर बाहेर आहे हे नशीब. काही गाड्यांत तो रिलीज बेअरिंगसोबत (क्लच दाबणारं बेअरिंग) आतच असतो आणि त्यासाठी गिअरबॉक्स उतरवावा लागतो.

पेडलच्या मागे, मास्टर सिलिंडरचा (पेडलने फ्लुइड ढकलणारा) दांडा जिथे आत शिरतो तिथेही बोट फिरवून पाहा. तिथे ओल असेल तर दोन्ही एकदमच बदला.

स्लेव्ह सोडवलेला असताना चुकूनही पेडल दाबू नका, पिस्टन उडून बाहेर येतो. नवा बसवल्यावर हवा काढायला दोन माणसं लागतील. स्लेव्हवरच्या हवा काढायच्या निपलला ५-६ मिमीची पारदर्शक नळी लावा, दुसरं टोक थोडं फ्लुइड घातलेल्या बाटलीत बुडवून ठेवा. एकाने पेडल तळापर्यंत दाबून धरायचं, दुसऱ्याने निपल पाव ते अर्धा फेरा उघडून लगेच बंद करायचं. पेडल वर यायच्या आत निपल बंद झालं पाहिजे, नाहीतर काढलेली हवा परत आत. सुरुवातीला पेडल तळाशीच पडून राहील, पायाने किंवा हाताने वर ओढा, घाबरू नका. बुडबुडे थांबून स्वच्छ फ्लुइड येईपर्यंत चालू ठेवा, त्यात २००-३०० मिली सहज जातं. टाकी बहुधा ब्रेकची आणि क्लचची एकच असते. ती रिकामी होऊ दिलीत तर ब्रेकमधूनही हवा काढत बसाल.

फ्लुइड झाकणावर लिहिलेलंच वापरा, बहुतेक गाड्यांना डॉट ३ किंवा डॉट ४. डॉट ५ सिलिकॉनचं असतं, ते यात मिसळायचं नाही. रंगावर थेंब पडला तर लगेच पाण्याने धुवा, रंग उचलतो.

प्रतिसाद ३

दुसऱ्या गिअरसाठी सोपा उपाय: जाड गिअर ऑइल टाका, जीएल-५ दर्जाचं, ९० नंबर जाडीचं. आवाज गायब होतो.

प्रतिसाद १

हे करू नका. जाड ऑइलने आवाज दबतो, पण यांचा त्रास थंडपणीचा आहे, तो वाढेल. सिंक्रो रिंग गिअरच्या शंकूवर घासून दोघांचा वेग जुळवते, आणि त्यासाठी आधी तिला मधला ऑइलचा थर कापावा लागतो. थर जाड असेल तर रिंगची पकड उशिरा बसते. शिवाय जीएल-५ मध्ये गंधक-फॉस्फरसची रसायनं जास्त असतात. काही ऑइलमध्ये ती पितळी रिंगला खातात, आणि ऑइल जास्त निसरडं असल्याने रिंगची पकडही कमी होते. मॅन्युअलमध्ये जीएल-४ असेल तर जीएल-४च. मॅन्युअल जीएल-५ किंवा एटीएफ (ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं पातळ ऑइल) सांगत असेल तर तेच, तिथे आपली अक्कल नको.

दुसराच का अडतो, तर सगळ्यात मोठी उडी तिथे असते. पहिल्याचं गुणोत्तर ३.५ आणि दुसऱ्याचं १.९ धरलं, तर ३००० आरपीएमवर बदलताना शाफ्ट आणि क्लच प्लेट क्षणात सुमारे १६०० वर आणायची असते. हे काम त्या एका रिंगचं. आणि तुमचा क्लच अर्धवट सुटत होता, म्हणजे बिचारी रिंग इंजिनशीही झगडत होती. म्हणून स्लेव्ह आधी, ऑइल नंतर. ऑइल आधी बदललंत तर कशाने फरक पडला ते कळणार नाही.

ऑइल बदलताना पाच-सात किमी चालवून ते कोमट करा. भरण्याचा प्लग आधी सैल करा, निचऱ्याचा नंतर. भरण्याचा प्लग अडकला आणि खालून ऑइल निघून गेलेलं, तर गाडी जागेवरच. घोड्या चारही कोपऱ्यांना लागतील, गाडी समपातळीत हवी, दोनवर भागणार नाही. वॉशर नवा घाला. गिअरबॉक्सचं कवच अॅल्युमिनियमचं असतं, प्लग आवळण्याचा टॉर्क मॅन्युअलमधलाच, अंदाजाने आवळलं तर आटे जातात. अशा गिअरबॉक्सला साधारण दीड ते अडीच लिटर लागतं. पातळी बाजूच्या प्लगने बघायची असेल तर भोकाच्या काठावरून ऑइल ओघळू लागलं की थांबा.

प्लगच्या चुंबकावरची मऊ करडी पेस्ट चालेल. टोचणारे तुकडे दिसले तर दाते तुटलेत. आणि जुनं ऑइल उन्हात धरून बघा, सोनेरी चमक असेल तर ते रिंगचं पितळ.

धागाकर्ता

स्लेव्ह आणि मास्टर दोन्ही बदलले. रिव्हर्स आता आवाज न करता पडतो. आठवड्याने ऑइल बदललं, जीएल-४ ७५डब्ल्यू-८०, मॅन्युअलप्रमाणे. चुंबकावर फक्त पेस्ट, ऑइलला किंचित सोनेरी झाक. दुसरा गिअर खूप सुधारलाय, पण पहिला एक किमी ३००० च्या वर बदलला तर अजून खरखरतो.

प्रतिसाद २

एकदा डबल क्लच करून पाहा: क्लच दाबून न्यूट्रल, क्लच सोडा, क्षणभर थांबा, पुन्हा दाबून दुसरा. खरखर गेली तर रिंग झिजली आहे, शंका नको.

धागाकर्ता

गेली, पूर्णपणे.

प्रतिसाद १

मग झीज आहे, पण खोलण्याइतकी नाही. थंड असताना २०००-२५०० वर बदला, लिव्हर ढकलू नका, हलका दाब देऊन रिंगला ओढून घेऊ द्या. लिव्हरवर हात ठेवून चालवायची सवय असेल तर सोडा, तो भार थेट आत गिअर सरकवणाऱ्या फोर्कवर जातो.

गरम गाडीतही खरखर सुरू झाली, किंवा अॅक्सिलरेटरवरून पाय उचलल्यावर दुसरा आपोआप सुटायला लागला, की खोला. तेव्हा रिंग शंकूवर हाताने दाबून मधली फट फीलर गेजने (फट मोजायच्या पातळ पट्ट्या) मोजायला सांगा. बऱ्याच गिअरबॉक्सना नव्यात ती १ मिमीच्या आसपास असते आणि अर्ध्या मिमीच्या जवळ आली की रिंग बाद, नेमका आकडा मॅन्युअलमध्ये. स्लीव्हच्या (सरकून गिअर अडकवणारी कडी) दात्यांची टोकंही बघा. ती गोल झाली असतील तर नुसती नवी रिंग घालून खर्च वाया जाईल.