मला गाता येत नाही, काय करू?

बी ४०२ : सोसायटीत कोणी जागं आहे का? बाळ आता आठ महिन्यांचं झालंय. डायपर बदलायला आडवं केलं की पाठीची कमान करून रडतं, कपडे घालताना तर विचारूच नका. बहीण म्हणते, गाणी म्हणत जा. पण मला सूर अजिबात नाही. मोबाइलवर बालगीतं लावली तर चालेल ना?

ए १०१ : आम्ही लावायचो. चार दिवस बरे गेले. मग गाणं कानावर पडलं की लेकीला मोबाइलच हातात हवा असायचा. तो नाही मिळाला की पहिल्यापेक्षा जास्त रडायची.

डी ५०४ : जागतिक आरोग्य संघटनेची २०१९ ची सूचना आहे, वर्षाच्या आतल्या बाळाला स्क्रीन नकोच. पण नुसता आवाज असेल तर? माँट्रियल विद्यापीठाचा २०१५ चा एक अभ्यास वाचला होता. सहा ते नऊ महिन्यांच्या बाळांना अनोळखी भाषेतलं गाणं ऐकवलं, तर ती सरासरी नऊ मिनिटं शांत राहिली. बोलणं ऐकवलं तेव्हा साधारण चारच मिनिटं. आणि ते सगळं रेकॉर्ड केलेलं होतं.

सी २०३ (आजी) : गाण्याने बाळ निवतं, यात शंकाच नाही. पण रेकॉर्ड बाळासाठी थांबत नाही गं. तू थांबू शकतेस, सगळी गंमत तिथेच आहे. बालवाडीत इतकी वर्षं मुलांमध्ये काढली, म्हणून सांगते. सूर बाजूला ठेव. बाळाने तुझा आवाज पोटात असल्यापासून ऐकलाय, त्याला तोच हवा. जे काम करतेस तेच शब्द घे आणि ठेक्यात म्हण. बाही घालताना :

हात कुठे गेला, हात कुठे गेला?
बाहीच्या बोगद्यातून बाहेर... आला!

‘बाहेर’ म्हटलंस की थांब. दोन-तीन श्वास. बाळाच्या डोळ्यांत बघ. आणि मग ‘आला’ म्हण. रोज तेच शब्द, तीच चाल, तोच थांबा. थोड्या दिवसांनी बघ, तू थांबलीस की ते पाय झाडेल, हुंकार देईल, ‘आ’ करेल. ती त्याची पाळी असते. घाईत आपण नेमकी तीच हिसकावून घेतो.

बी ४०२ : रोज तेच म्हटलं तर कंटाळणार नाही का ते?

सी २०३ (आजी) : कंटाळतो आपण. बाळाला पुढे काय येणार हे आधीच कळतं, याचाच आनंद असतो. डायपरची ओळ वेगळी, आंघोळीची वेगळी, झोपेची वेगळी ठेव. शब्द कळायच्या आधी चाल ओळखू येते. आडवं करायच्या आधीच ओळ सुरू कर, म्हणजे अचानक उचलून टाकल्यासारखं त्याला वाटणार नाही. आणि मान फिरवली, जांभई दिली, तर तिथेच थांब. पुरे झालं, असं सांगत असतं ते.

ए १०१ : मोठ्या मुलासाठी मी हात धुण्याचं केलंय. वीस सेकंद साबण लावा म्हटलं तर तीन वर्षांच्या मुलाला काय कळणार?

तळवा तळवा घासू या,
बोटांमध्ये शिरू या,
अंगठा राहिला एकटा,
त्यालाही फेस लावू या!

सावकाश दोनदा म्हटलं की तेवढा वेळ होतो. आता तो ‘अंगठा’च्या जागी रोज नवं काहीतरी घालतो. काल ‘कोपर राहिला एकटा’ होतं, सगळी बाही भिजली. पण शब्द बदलून बघतोय, याचं मला फार कौतुक वाटलं.

डी ५०४ : आमची दीड वर्षाची आहे. मी कामावरून येतो तेव्हा तिची झोपायची वेळ झालेली असते, म्हणून झोपेची ओळ माझ्याकडे. तिला खांद्यावर घेऊन पावलांच्या ठेक्यात तिचंच नाव गुणगुणतो. सुरुवातीला चालही जलद असते आणि आवाजही मोठा. मग दोन्ही उतरवत नेतो. माझ्या पावलांबरोबर तिचाही श्वास संथ होत जातो. दिवसभरात मला मिळणारी ही दहा मिनिटं मी कोणाला देणार नाही.

ए ३०२ : आमचा मुलगा पाळणाघरात जातो. घरातली जेवणाची ओळ मी तिथल्या ताईंना शिकवली. आता तिथेही घास घेतो.

सी २०३ (आजी) : हे फार छान केलंस. एक मात्र सगळ्यांना सांगते. हाक मारली, गाणं म्हटलं, तरी सहा-सात महिन्यांचं बाळ आवाजाकडे वळतच नसेल, तर ‘शांत आहे बिचारं’ म्हणून सोडून देऊ नका. डॉक्टरांना सांगून कान तपासून घ्या. ते जितकं लवकर कळेल तितकं बरं. आणि आंघोळीत गाताना टाळ्या वगैरे नकोत, एक हात बाळावर हवाच.

बी ४०२ : आजी, नऊ दिवस झाले, म्हणून सांगायला आले. डायपरच्या वेळी अजून कुरकुरतं. पण आज बाहीपाशी मी ‘बाहेर’ म्हणून थांबले, तर त्याने स्वतःहून हात पुढे केला. मला पुढचा शब्दच सुचेना. डोक्यातून सदरा घालताना मात्र अजून आकांत करतं. त्याला काही ओळ आहे का?

ए १०१ : ‘अंधार झाला, अंधार झाला, कोण बरं डोकावून... आलं!’ चेहरा बाहेर येईल तेव्हा अगदी समोर राहा.