मदत हवी आहे: अमेरिकन यादवी युद्धानंतरची 'मोकळीक'

नमस्कार मंडळी, अकरावीला अमेरिकन यादवी युद्ध (१८६१-६५) शिकवतेय. युद्ध राज्यांच्या हक्कांसाठी झालं, असं एक मुलगा ठामपणे म्हणाला. मग मिसिसिपी या दक्षिणेकडच्या राज्याचा अमेरिकेतून फुटून निघतानाचा जाहीरनामाच वाचून दाखवला. त्यात गुलामगिरीचं नाव सुरुवातीलाच आहे! युद्धाचं कारण त्याला पटलं, अडतंय ते पुढचं. अमेरिकन राज्यघटनेच्या १८६५ च्या तेराव्या दुरुस्तीने गुलामगिरी संपवली, पण गुन्ह्याची शिक्षा म्हणून सक्तीची मजुरी शिल्लक ठेवली. मग किरकोळ आरोपांखाली पकडलेले कृष्णवर्णीय कैदी मळ्यांना, खाणींना भाड्याने दिले जाऊ लागले. हे मुलांना कळलंच पाहिजे असं मला मनापासून वाटतं. यावर मराठीत नीट लिहिलेलं काही आहे का? मूळ कागदपत्रं, फोटो कुठे मिळतील? सोमवारच्या तासाआधी सांगितलंत तर फार बरं होईल.