अनुभव धागा : कोकणपट्टीतले भूकंप – चिरा, सळई, भराव आणि लाट

धागाकर्ता
कोयनेकडे धक्का बसला की तासाभरात व्हॉट्सॅपवर 'पुढचा मोठा रात्री अडीचला' फिरायला लागतं. भूकंपाची तारीख-वेळ कुणालाच सांगता येत नाही, त्यामुळे तो विषय इथे बंद. चिरा (बांधकामाचा जांभा दगड), सळई, बोअर, नोंदयंत्रं, बंदर यांच्याशी ज्यांचा रोजचा संबंध आहे त्यांनी हातचं ज्ञान लिहावं. 'मी तेव्हा कुठे होतो' हे नको. काय करायचं, किती करायचं आणि कुठे चुकतं ते लिहा. नकाशापुरतं सांगायचं तर २००२ च्या भूकंप-धोक्याच्या नकाशात (झोनचा आकडा मोठा तितका धोका जास्त) कोकणाचा बराचसा भाग झोन ३ मध्ये होता आणि कोयनेभोवतीचा, चिपळूणकडचा पट्टा झोन ४ मध्ये.

लोलक
सुरुवात घड्याळापासून करतो. धक्का दोन हप्त्यांत येतो. आधी पी लाट येते तेव्हा बारीक थरथर होते, भांडी वाजतात. मग एस लाटेचा आडवा हिसका येतो, भिंती पाडतो तो हाच. दोन्हींमधली सेकंदं मोजा आणि आठाने गुणा, केंद्र साधारण तितके किलोमीटर लांब. चिपळूण ते कोयना धरण सरळ रेषेत तीसेक किलोमीटर, म्हणजे हाती साडेतीन-चार सेकंद. रत्नागिरीला आठ, मुंबईला पंचवीसच्या आसपास.

चार सेकंदांत दुसऱ्या मजल्यावरून कुणी अंगणात पोचत नाही, हिसका त्याला जिन्यातच गाठतो. तेव्हा वरच्या मजल्यावर असाल तर मजबूत टेबलाखाली शिरा, एका हाताने टेबलाचा पाय धरून ठेवा. तळमजल्यावर असाल, दार तीन पावलांवर असेल आणि पुढे मोकळं असेल तरच बाहेर पडा. कौलारू घरात दारात थांबू नका, पडवीची कौलं तिथेच घसरतात.

आता नेहमीची समजूत: 'छोटे धक्के येतायत ते बरं, जमिनीचा जोर निघून जातो.' भूकंपाच्या मापात (मॅग्निट्यूड) एक अंक वाढला की ऊर्जा सुमारे ३२ पट होते. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटेचा कोयनेचा भूकंप ६.३ चा होता. तेवढी ऊर्जा ३ च्या धक्क्यांनी फेडायची तर असे जवळपास ९० हजार धक्के लागतील. करा हिशेब.

पाणलोट
'धरणामुळे भूकंप होतो' हे वाक्य अर्धंच खरं. ताण खडकात आधीपासून साठलेला असतो, पाणी निमित्त होतं. भेगेच्या दोन बाजू एकमेकींवर घट्ट दाबलेल्या असतात म्हणून त्या सरकत नाहीत. झिरपलेल्या पाण्याचा दाब आत वाढला की ती पकड सैल होते. शिवसागरात, म्हणजे कोयना धरणाच्या जलाशयात, १९६२ च्या सुमारास पाणी साठायला लागलं आणि पाठोपाठ धक्के सुरू झाले. १९८५ नंतर वारणेचा जलाशय भरू लागला, तशी हालचाल दक्षिणेकडेही पसरली. पावसाळ्यात पाणी चढल्यावर आणि पुढे हिवाळ्यात ते उतरताना, असे वर्षातून दोनदा धक्के वाढताना दिसतात.

हे सगळं धरणाच्या दक्षिणेला साधारण २० बाय ३० किलोमीटरच्या तुकड्यात घडतं, खोली बहुतेक १० किलोमीटरच्या आत. तिथेच गोठणे गावाला अभ्यासासाठी ३ किलोमीटर खोल छिद्र घेतलंय. वरचा सव्वा किलोमीटरच्या आसपास बेसाल्ट, त्याखाली ग्रॅनाइटच्या जातीचा खडक. 'खाणीतल्या सुरुंगांमुळे होतंय' म्हणणाऱ्यांनी एवढं बघावं: सुरुंगाची खोली मीटरांत मोजतात, या धक्क्यांची किलोमीटरांत.

१९६७ ला धरण फुटलं नाही. सांडव्याच्या बाजूच्या उंच भागात आडवे तडे गेले, तेही मागचा उतार जिथे एकदम बदलतो त्या पातळीवर. आकार अचानक बदलला की ताण तिथे गोळा होतो. पुढे त्या भागाला मागून काँक्रीटचा आधार दिला.

ओळंबा
चिऱ्याचं घर पडतं ते चिऱ्यामुळे नाही, सांध्यामुळे. ताजा चिरा ओला आणि मऊ असतो. दोन-तीन महिने उघड्यावर ठेवून मगच लावावा. लावताना त्याला पाणी पाजावं, नाहीतर त्याची भोकं मसाल्यातलं पाणी ओढून घेतात आणि सांध्यात पूड उरते. जुन्या भिंतीचा सांधा खिळ्याने खरवडून बघा. भुसा निघाला तर ती भिंत नाही, चळत आहे.

सर्रास होणारी लबाडी उभ्या सांध्यात. आडव्या थराला मसाला पडतो, उभ्या फटीला बाहेरून नुसता दर्जा मारतात (वरवर मसाला भरतात). आत पोकळ. काम चालू असताना वरून टॉर्च मारा, आरपार दिसतं. झोन ४ मध्ये मसाला १:४ (सिमेंट:वाळू), किंवा चुना घालून १:१:६ (सिमेंट:चुना:वाळू). सांधेमोड, म्हणजे वरच्या थराचा उभा सांधा खालच्यापासून सरकवणं, निम्म्या चिऱ्याची.

मग पट्टा. दारावर टाकतात ते लिंटल. पट्टा म्हणजे सगळ्या भिंतींवरून, आतल्या भिंतींवरूनसुद्धा, एकसलग फिरणारं काँक्रीट. भिंतीइतकी रुंदी, किमान ७५ मिमी जाडी, १० मिमीच्या दोन सळ्या, दर १५० मिमीवर ६ मिमीची आडवी कडी. कोपऱ्यात सळई वळवून दुसऱ्या भिंतीत न्यायची. सळई कोपऱ्यात संपवली तर पट्टा कंबरपट्टा राहत नाही, चार सुट्या काठ्या होतात. कोपऱ्यांत पायापासून छपरापर्यंत १० मिमीची एक उभी सळई. दार-खिडकी आतल्या कोपऱ्यापासून ४५० मिमी तरी लांब, दोन उघड्या जागांमध्ये ५६० मिमी भिंत, आणि एकमजली घरात उघड्या जागांची एकूण रुंदी भिंतीच्या लांबीच्या निम्म्यापेक्षा जास्त नको.

वासा-रीप
ओळंबा, छप्पर राहिलं. आढ्याखालची त्रिकोणी भिंत सर्वांत आधी बाहेर पडते, कारण तिला माथ्यावर कुणी धरलेलं नसतं. तिच्या उतरत्या कडेनेही पट्टा घ्या, नाहीतर तो त्रिकोण चिऱ्याऐवजी फळ्यांनी भरा. वासे भिंतीवर नुसते टेकवू नका, पट्ट्यातून वर आलेल्या बोल्टाला बांधा.

ओळंबा
बरोबर. आणि घाटावरच्या दगडी घरांसाठी एक: दोन तोंडांच्या जाड भिंतीत दर ६०० मिमी उंचीला, १.२ मीटर अंतरावर एक आरपार दगड हवाच. ३० सप्टेंबर १९९३ ला किल्लारीला जाड भिंतींच्या दोन्ही तोंडांनी एकमेकांना सोडलं आणि वरचं मातीचं धाबं खाली आलं. जाडीवर विश्वास ठेवू नये.

रिंगवाला
किनाऱ्यावरच्या आरसीसी इमारतीत भूकंपाचा आणि खाऱ्या हवेचा हिशेब एकत्र मांडावा लागतो, पण तो वेगवेगळ्या फायलींत राहतो. भूकंपात खांब टिकतो रिंगांवर, म्हणजे उभ्या सळ्यांभोवती गुंडाळलेल्या आडव्या कड्यांवर. त्या आतलं काँक्रीट आवळून धरतात. आणि गंज सर्वांत आधी रिंगांनाच लागतो, कारण त्या पृष्ठभागाला सर्वांत जवळ आणि ८ मिमी जाडीच्या. मुख्य सळई ठणठणीत दिसते म्हणून समाधान मानू नका.

तपास असा. खांबाच्या तळाकडचा फुगलेला भाग छिन्नीने काढा. रिंगेची उरलेली जाडी व्हर्नियरने मोजा. ताज्या तुटलेल्या काँक्रीटवर फिनॉल्फ्थॅलीन शिंपडा. गुलाबी झालं तर तिथला अल्कलीपणा शाबूत. रंग आला नाही आणि तो बिनरंगी थर सळईपर्यंत पोचला असेल, तर सळईचं गंजापासूनचं संरक्षण संपलं. पण गुलाबी आलं म्हणजे सुटलो असं नाही, मिठाने होणारा गंज गुलाबी काँक्रीटमध्येही चालू असतो. त्यासाठी क्लोराइडची चाचणी वेगळी करावी लागते.

नव्या कामात रिंगेच्या टोकाचा वाकवलेला आकडा (हुक) १३५ अंशांचा आणि आत घुसलेली शेपूट किमान ६५ मिमी. ९० अंशांचा आकडा वाकवायला सोपा म्हणून कारागीर तोच करतात. हिसक्यात कव्हर (सळईवरचा काँक्रीटचा थर) उडालं की तो उघडतो. खांबाच्या दोन्ही टोकांना रिंगांमधलं अंतर १०० मिमीच्या वर नको. ओतकाम होण्याआधी फोटो काढून ठेवा, नंतर काही दिसत नाही.

स्टिल्ट पार्किंगबद्दल: वर विटांनी भरलेले मजले ताठ, खाली नुसते खांब. सगळी हालचाल तळमजल्यात होते. २००२ च्या भूकंप-बांधकाम संहितेत अशा मजल्याचे खांब-तुळया अडीच पट जोरासाठी धरायला सांगितल्या होत्या. जुन्या इमारतींत ते क्वचितच सापडतं. निदान गाड्यांच्या सोयीसाठी तिथली एखादी भिंत काढून टाकू नका.

बोअरलॉग
खाडीकाठचा भराव आणि किनाऱ्याची सैल वाळू पाण्याने भरलेली असेल तर हिसक्यात कण एकमेकांचा आधार सोडतात आणि जमीन काही वेळ पातळ होते. प्लॉट घेताना 'एन' आकडा विचारा: ६३.५ किलोचा हातोडा ७५ सेंमीवरून टाकून नळी ३० सेंमी आत जायला लागलेले ठोके. पाण्याखालच्या वाळूत तो १०-१५ च्या खाली असेल तर सावध. बोअर मे महिन्यात घेतलं असेल तर पाण्याची पातळी खोल दिसते. पावसाळ्यातली धरा.

कारवी
डहाणू-तलासरीचा प्रकार कोयनेपेक्षा वेगळा. नोव्हेंबर २०१८ पासून धुंदलवाडीच्या आसपास झुंडीने धक्के बसू लागले. केंद्र उथळ, म्हणून छोट्या धक्क्यालाही सुरुंगासारखा आवाज. इथे कारवीच्या कुडाचं शेणाने सारवलेलं घर हलकं असतं, ते डुलतं. धोका मातीच्या सांध्यातल्या अर्धवट भाजलेल्या विटांच्या खोल्यांना, आणि वाऱ्याने पत्रा उडू नये म्हणून वर ठेवलेल्या दगडांचा. दगड उतरवा, पत्रा जे-बोल्टने (वाकड्या टोकाच्या बोल्टने) पकडा. झोपायची जागा भिंतीपासून तिच्या उंचीइतकी लांब घ्या. रात्री पळताना पडून दुखापत होते, वाट मोकळी आणि बॅटरी उशाशी ठेवा.

बंदरकाठ
कोयनेचं केंद्र जमिनीत आतल्या बाजूला, त्याने त्सुनामी येत नाही. आपल्याला धोका मकरानकडून, म्हणजे पाकिस्तान-इराणच्या किनाऱ्याकडून. २८ नोव्हेंबर १९४५ ला तिकडे ८.१ चा भूकंप झाला, काही तासांनी मुंबईत सुमारे दोन मीटरची लाट आली आणि माणसं वाहून गेली. मेख अशी की तिकडचा भूकंप आपल्याला जाणवेलच असं नाही. 'जमीन हलली की टेकडीवर' एवढ्यावर कोकणात भागत नाही. इशारा हैदराबादच्या इन्कॉइस या सरकारी त्सुनामी इशारा केंद्राकडून येतो. बंदरावर व्हीएचएफ (होड्यांचा रेडिओ) कोण ऐकतोय हे आधी ठरलेलं हवं.

ओहोटीची वेळ नसताना पाणी ओढलं गेलं, चिखल उघडा पडला, तर मासे वेचायला उतरू नका. पहिलीच लाट मोठी असते असं नाही. खोल पाण्यात असलेल्या होडीने तिथेच थांबावं, खाडीच्या मुखाशी येऊ नये. तिथे ओढ सर्वांत वाईट.

धागाकर्ता
एक प्रश्न येतोय: धक्क्यानंतर भिंतीला चीर गेली, राहायचं की नाही?

ओळंबा
आधी प्लास्टर काढा. केसासारखी चीर बहुतेक वेळा गिलाव्यातच असते. खिडकीच्या कोपऱ्यातून तिरकी निघालेली, चिऱ्यातून आरपार गेलेली, किंवा दोन तिरक्यांची फुली झालेली असेल तर त्या खोलीत झोपू नका. कोपऱ्यात दोन भिंती एकमेकींपासून सुटल्या असतील तरीही नाही.

शंका असेल तर चिरेवर आडवी काचेची पातळ पट्टी दोन्ही टोकांना प्लास्टर ऑफ पॅरिसने चिकटवा, शेजारी तारीख लिहा. मधला भाग मोकळा ठेवा. काच तडकली म्हणजे भिंत अजून सरकतेय. टोकाचा लेपच सुटला असेल तर निकाल धरू नका, पट्टी भिंत ओली असताना चिकटवलेली असते. कोरड्या जागी पुन्हा लावा.