रस्ता सांगताना नाव सांगावं की दिसतं ते?

पायपीट: परवा एका अनोळखी शहरात चालत एका घरी जायचं होतं. यजमानांचा मेसेज: 'घड्याळ चौकातून सरळ या, लाल शाळेवरून डावीकडे वळा, पंपासमोरचं दुसरं घर.' चौक म्हणावा असा चौक लागला, पण घड्याळ दिसेना. एक खांब होता, वर नुसतं गंजलेलं लोखंडी कडं. त्याखाली मी दहा मिनिटं ताटकळलो. घड्याळ कधीच काढून नेलंय, आणि लाल शाळा आता पिवळी आहे, हे मागाहून कळलं. माझं म्हणणं एवढंच: परक्या माणसाला नाव सांगू नका, समोर दिसतं ते सांगा.

खडूस आजोबा: साफ असहमत. दहा मिनिटं खांबाला टेकून उभं राहण्यापेक्षा एखाद्याला विचारायचं होतंत. नाव बघायला नसतंच मुळी, विचारायला असतं. 'घड्याळ चौक कुठे?' म्हटलं की शेंबडं पोरही हात करून दाखवतं. 'गंजलेल्या कड्याचा खांब कुठे?' असं विचारून बघा बरं! निकाराग्वाच्या मानाग्वा शहराचा मधला भाग १९७२च्या भूकंपात जमीनदोस्त झाला, तरी लोक 'अमुक इमारत होती तिथून दोन चौक तळ्याकडे' असे पत्ते सांगत राहिले. तळ्याकडे म्हणजे उत्तरेला.

पायपीट: तळं निदान हलत तरी नाही. पण सुरुवातच 'होती तिथून' असेल, तर पाहुण्याने कुठून मोजायचं? आणि रात्रीचे साडेदहा वाजले होते हो. रस्त्यावर फक्त कुत्री. त्यांना विचारायची वेळ आलीच होती.

नकाशेवाली: लोकेशन पाठवा ना! २०२५ उलटलं तरी आपण खांबांवर भांडतोय.

उलटी दिशा: ताई, उंच इमारतींच्या मधल्या गल्लीत उपग्रहाचे सिग्नल भिंतींवर आपटून येतात आणि ठिपका पलीकडच्या रस्त्यावर जाऊन बसतो. मोटारीत चालून जातं, पायी माणसाचा पहिला प्रश्न 'तोंड कुठे करू?' हाच असतो. खरी गोची वेगळीच आहे. लोक सरळ रस्त्यावरच्या सात खुणा सांगतात आणि वळणावरची गाळतात. मी तर आणखी एक सांगते: 'पूल लागला तर समजा पुढे आलात, मागे फिरा.' चुकल्याची खूण कुणीच देत नाही.

खडूस आजोबा: हे मात्र पटलं. पण विचारण्याला पर्याय नाही. जपानात बहुतेक गल्ल्यांना नावंच नसतात. जुन्या वस्त्यांत घरांचे नंबर बांधणीच्या क्रमाने पडलेले, त्यामुळे एकाशेजारी दोन असेलच असं नाही. म्हणून लोक पोलीस चौकीत, 'कोबान'मध्ये, जाऊन रस्ता विचारतात.

नकाशेवाली: बरं, नावही द्या आणि खूणही द्या. 'घड्याळ चौक, आता नुसता खांब आहे.' चार शब्द जास्त टाइप केले तर बोटं झिजत नाहीत. पायपीट, शेवटी पंप तरी सापडला का?

पायपीट: पेट्रोल पंप शोधत त्याच गल्लीतून तीनदा गेलो. हापसा निघाला तो.